पुरावा-संकलन संच वापरण्यापूर्वी : रुग्णालये व दवाखान्यांसाठी माहितीपत्रक

लैंगिक अत्याचारानंतरच्या न्यायवैद्यकीय तपासणीसाठी लागणारे पुरावा-संकलन संच आम्ही तयार करतो. प्रत्येक पेटीत सूचनांचा कागद असतो. परंतु तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचे व परिचारिकांचे जे प्रश्न आमच्याकडे येतात, ते त्या कागदात मावणारे नसतात. त्यांतील वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी हे पत्रक आहे.

पेटी उघडण्याआधी उपचार पाहावेत. रक्तस्राव, गळा आवळल्याच्या खुणा किंवा डोक्याला मार असेल, तर नमुने थांबू शकतात. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे 72 तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू करून 28 दिवस द्यावी लागतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी 120 तासांपर्यंत देता येते, मात्र जितका उशीर तितका तिचा उपयोग कमी होतो. पुरावा देण्यास व्यक्तीने नकार दिला, तरी हे उपचार तिला मिळालेच पाहिजेत.

संमतीबाबत आमचे मत ठाम आहे. सुरुवातीला एका कागदावर सही घेतली म्हणजे संमतीचा विषय संपला, असे होत नाही. पुढचे पाकीट उचलण्यापूर्वी आता कुठला नमुना घेणार, कशासाठी घेणार आणि त्याला किती वेळ लागेल, हे सांगून विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत हात थांबवावा. एखादा नमुना नको असे व्यक्तीने सांगितल्यास त्या पाकिटावर ‘नमुना घेतला नाही, संमती नाही’ असे लिहून ते रिकामेच पेटीत ठेवावे. असे रिकामे पाकीट दिसले की पेटी अपुरी भरल्याची भीती अनेकांना वाटते. ती बाळगण्याचे कारण नाही.

किती दिवसांपर्यंत नमुने घ्यावेत, याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. कुठे 72 तासांची मर्यादा आहे, तर कुठे ती 120 तासांपर्यंत वाढवलेली आहे. तोंडातील नमुना सर्वांत आधी घ्यावा, कारण पाणी पिण्याने आणि चूळ भरण्याने तो लवकर नाहीसा होतो. तो झाला की व्यक्तीला लगेच पाणी देता येते, आणि तासन्‌तास तहानलेल्या माणसाला ते हवे असते. गुंगीचे औषध दिल्याचा संशय असल्यास लघवीचा पहिला नमुना दवडू नये. जीएचबीसारखे औषध लघवीत सुमारे 12 तासच सापडते. अंघोळ झाली आहे, कपडे बदलले आहेत, एवढ्या कारणावरून कोणाला परत पाठवू नये. गर्भाशयमुखाजवळचे नमुने आणि त्या वेळचे न धुतलेले कपडे अंघोळीनंतरही उपयोगी पडतात.

आता ओलाव्याविषयी, कारण नीट घेतलेला नमुना वाया जातो तो बहुधा ओलाव्यामुळे. ओल्या कापसावर जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि डीएनएचे तुकडे होत जातात. म्हणूनच आमच्या संचात स्वॅबसाठी, म्हणजे नमुना घेण्याच्या कापूस लावलेल्या काड्यांसाठी, आणि कपड्यांसाठी कागदी पाकिटे आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून राहते. पेटीत भोके पाडलेली पुठ्ठ्याची घडी आहे, ती उघडून उभी करावी आणि प्रत्येक काडी वेगळ्या भोकात, कापूस वर राहील व दुसऱ्या काडीला टेकणार नाही अशी खोवावी. खोलीच्या साध्या हवेत तासभर तरी ती तशीच राहू द्यावी. ऊन, हीटर किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये, कारण उष्णतेने आणि उन्हातील अतिनील किरणांनी डीएनए खराब होतो. हा तास फार मोठा वाटतो, याची आम्हांला कल्पना आहे. बाहेर पोलीस थांबलेले असतात आणि पाळी बदलायची वेळ झालेली असते. तरीही ओले स्वॅब पाकिटात घालू नयेत. रक्त आणि लघवी यांना हा नियम लागू नाही; त्यांच्या बाटल्या घट्ट बंद करून थंड जागी ठेवाव्यात.

कपडे उतरवताना जमिनीवर दोन मोठे कागद एकावर एक अंथरावेत. खालच्या कागदामुळे फरशीची धूळ वर येत नाही, म्हणून तो टाकून द्यावा. वरच्या कागदावर केस, धागे, माती असे जे पडते ते त्याच्याच घडीत बंद करावे. त्वचेवर लाळ असण्याची शक्यता असेल, तेथे आधी निर्जंतुक पाण्याने किंचित ओलावलेला आणि त्याच जागी लगेच कोरडा स्वॅब फिरवावा, आणि दोन्ही पाठवावेत. पाकिटाचा गोंद जिभेने ओला करू नये, कारण तपासणाऱ्याचाच डीएनए त्यावर जातो. आमच्या पाकिटांना आता चिकटपट्टी आहे; सही करताना ती अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर येईल अशी करावी, म्हणजे कोणी पट्टी उचलल्यास सही तुटलेली दिसते.

असा तयार संच 1978 मध्ये शिकागो परिसरातील रुग्णालयांत प्रथम दिला गेला. मार्था गोडार्ड यांनी त्यासाठी झटून काम केले. संचाला मात्र पोलीस दलातील लुई व्हिटुलो यांचे नाव मिळाले. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत आली ती त्यानंतर, 1984 मध्ये. म्हणजे आज घेतलेल्या नमुन्यातून पुढे काय कळू शकेल, हे आज सांगता येत नाही, आणि म्हणूनच पेटी कोणी, कोणाला, किती वाजता दिली ही नोंद एकाही हातात तुटता कामा नये.

अहवालात जखमा जशा दिसतात तशा, आकार व जागेसह लिहाव्यात. जखम नसणे म्हणजे अत्याचार झाला नाही असे नव्हे. अनेकांच्या शरीरावर कोणतीही खूण सापडत नाही. बोटे घालून कौमार्य ठरवण्याच्या तथाकथित चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. ती बंद करावी, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये केले आहे. आमच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, आणि मागणी आली तरी आम्ही तो छापत नाही.

पेटीच्या तळाशी एक वेगळे पुडके आहे. त्यात साधे सुती कपडे, अंतर्वस्त्रे आणि चपला आहेत. व्यक्तीचे स्वतःचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतल्यावर तिला रुग्णालयाच्या गाउनमध्ये घरी जावे लागू नये, यासाठी ते आहे. वेगळे माप हवे असल्यास मागणी नोंदवतानाच कळवावे. त्याचे जादा पैसे आम्ही घेत नाही.