किडनीतला वण: गाठ बसण्याआधीची वेळ

गुडघा खोल फुटला की जखम भरते, पण मागे पांढरट वण राहतो. त्या वणावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही. किडनीच्या आतला वणही असाच. जागा भरून निघते, काम मात्र थांबतं. एका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात आणि जन्मानंतर नवी एकही तयार होत नाही. मधुमेह, वाढलेलं बीपी, मुतखड्याने तुंबलेली लघवी, कारण काहीही असो, दुखणं रेंगाळलं की वाट या वणाकडेच जाते. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात.

हा वण शरीर स्वतः विणतं आणि विणकाम चालतं एन्झाइमांच्या, म्हणजे विकरांच्या जोरावर. दुखावलेल्या पेशी टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाचा निरोप धाडतात. तो मिळाला की नेफ्रॉनच्या नलिकांमधल्या फटींतल्या पेशी कोलॅजेनचे धागे सोडू लागतात. गोधडीच्या चिंध्या टाके पडेपर्यंत सुट्याच असतात, हवी ती ओढून काढता येते. इथे टाके घालतं लायसिल ऑक्सिडेज. या एन्झाइमला काम करायला तांब्याचा अणू लागतो. कोलॅजेनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाचं टोक ते बदलून टाकतं, बदललेली टोकं शेजारच्या धाग्याशी जोडली जातात आणि पक्की गाठ बसते. एकदा दाट टाके पडले की तो वण उसवणं शरीराला फार जड जातं.

उसवणारी एन्झाइमंही आहेत. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरघळते कशी हे तपासताना कोलॅजेन कापणारं एन्झाइम दाखवून दिलं. त्याच्या कुळातल्या एन्झाइमांना आता एमएमपी म्हणतात. मग ही कातरी वाढवली की वण जाईल? इतकं सरळ नाही. आजाराच्या सुरुवातीला एमएमपी-२ आणि एमएमपी-९ नलिकेखालचं निरोगी अस्तरच कापतात, त्यामुळे इजा वाढते आणि वणाला आणखी वाव मिळतो. पुढे खरोखर कातरायची वेळ येते तेव्हा टिम्प नावाची प्रथिनं त्या कातरीला अडवून धरतात. एकच एन्झाइम आज घातक, उद्या उपयोगी. यावरचं औषध अवघड आहे ते म्हणूनच.

आज हाताशी असलेला एक उपाय या साखळीत बराच वर, रक्तदाबाच्या एन्झाइमांपाशी आहे. किडनी स्वतः रेनिन सोडते, ते १८९८ साली सापडलं. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा रेनिन कापून काढतं. त्यातली दोन एसीई हे एन्झाइम छाटतं. उरलेला आठांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-२. तो गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी आवळतो, त्यामुळे गाळणीत दाब चढतो. शिवाय टीजीएफ-बीटाचा निरोपही तो वाढवतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या एसीईला रोखतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन अँजिओटेन्सिनला पेशीवर बसू देत नाहीत. बीपी ताब्यात असतानाही डॉक्टर ती गोळी सुरू ठेवतात, कारण लघवीतून प्रथिन जात असेल तर ती किडनीसाठीही असते. गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, आणि पोटॅशियम तपासावं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी बंद करत नाहीत, गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असू शकते. एसीई रोखणाऱ्या गोळीने कोरडा खोकला लागला तर सार्टन गटातली देतात. गरोदरपणात दोन्ही चालत नाहीत. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, ते या गोळ्यांसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वण सुरू झाला हे कळावं कसं? नुसत्या क्रिएटिनिनवर भिस्त ठेवू नका. १.२ हा एकच आकडा ३० वर्षांच्या तरुणात सुमारे ८३ ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग, दाखवतो, तर ६५ वर्षांच्या बाईंत जेमतेम ५०. तीन महिने ईजीएफआर ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन किडनीविकार. त्याआधीच इशारा देऊ शकते ती लघवीतली एसीआर तपासणी, म्हणजे अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. सकाळची पहिली लघवी द्यावी. निकाल ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली हवा. आदल्या दिवशी किंवा त्याच पहाटे सिंहगड चढून आला असाल, ताप असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर नमुना पुढे ढकला, आकडा उगाच वाढलेला येतो. एकदा जास्त आला तर तीन महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करतात.

पालख्या पुण्यातून निघाल्या की एक धोका दर वर्षी असतो. दिवे घाट चढताना घाम जातो, पाणी कमी पडतं, गुडघे दुखतात, कुणीतरी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन देतं. ही औषधं कॉक्स या एन्झाइमला थांबवतात. गाळणीत रक्त आणणारी वाहिनी मोकळी ठेवणारे पदार्थ त्याच एन्झाइमपासून बनतात. म्हणजे आत येणारी वाट आवळते. एसीईच्या गोळीने बाहेरची वाट आधीच सैल असते आणि लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी घटलेलं असतं. तिन्ही एकत्र आलं की गाळणीतला दाब कोसळतो आणि किडनीला अचानक इजा होते. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत: जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची आणि दुखण्यावर पॅरासिटामॉल किती घ्यायची.