प्रोग्रामच्या पोटात कुठल्या लायब्ररी आहेत, हे त्यालाच विचारा

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या (लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड; ही फाइल दाबून लहान करते) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा ठेवला आहे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका शंकेवरून तो तिथवर पोचला होता.

मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएचडी या प्रोग्रामच्या मूळ कोडला एक्सझेड लागतच नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या काही वितरणांनी त्याला सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीची, लायब्ररी जोडली होती आणि तिला एक्सझेड हवी होती. ओळखीच्याची ओळख काढून ती आत शिरली. ओपन सोर्सवर, म्हणजे कुणालाही वाचता येणाऱ्या कोडवर, हजारो डोळे असतात म्हणून तो आपोआप सुरक्षित, ही निव्वळ श्रद्धा आहे. इथे चोरदरवाजा बसवणारा एक तुकडा गिटमधल्या, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातल्या, कोडमध्ये नव्हताच, प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच होता.

मग एखाद्या प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररींची खरी यादी मिळवायची कशी? फाइल उघडून. लिनक्सवरचे प्रोग्राम एल्फ नावाच्या साच्यात साठवतात आणि या साच्यात 'डायनॅमिक' नावाचा एक सुंदर तक्ता असतो. ६४ बिटी फाइलमध्ये त्यातली प्रत्येक नोंद १६ बाइटची असते: पहिल्या ८ बाइटमध्ये नोंदीचा प्रकार, पुढच्या ८ मध्ये किंमत. प्रकार १ म्हणजे 'ही लायब्ररी हवी'. पण किमतीच्या जागी नाव नसतं, एक आकडा असतो. सगळी नावं दुसरीकडे एका लांब पट्टीत लिहिलेली असतात, प्रत्येक नावानंतर एक शून्य बाइट. पट्टीच्या सुरुवातीपासून तेवढे बाइट पुढे जायचं आणि शून्य येईपर्यंत वाचायचं. पट्टीचा पत्ता प्रकार ५ च्या नोंदीत मिळतो. तो मेमरीतला पत्ता असतो, फाइलमधली जागा प्रोग्राम हेडरवरून, म्हणजे फाइलचा कोणता भाग मेमरीत कुठे जातो हे सांगणाऱ्या नोंदींवरून, काढावी लागते. अशी यादी काढणारा माझा प्रोग्राम लिहिताना पहिल्यांदा मी इथेच दोन दिवस अडकले होते. प्रकार ० आला की तक्ता संपला.

आता सापडलेली प्रत्येक लायब्ररी उघडायची. तीही एल्फच, तिच्यातही तसाच तक्ता. पाहिलेली नावं नोंदवत जायचं, कारण सी भाषेची मूळ लायब्ररी जवळपास प्रत्येकीला हवी असते आणि नोंद नसली तर तेच काम पुन्हा पुन्हा होतं. एलडीडी ही आज्ञा अशी यादी आयती देते. पण अनोळखी फाइलवर ती वापरू नका. काही परिस्थितीत ती त्या फाइलमधला कोड प्रत्यक्ष चालवते.

तरी यादी अपुरी राहू शकते. स्टॅटिक पद्धतीने जोडलेली लायब्ररी प्रोग्रामच्या कोडमध्येच मिसळून जाते, तिचं नाव तक्त्यात येत नाही. चालता चालता उचललेली लायब्ररीही तिथे नसते. तिच्यासाठी प्रोग्राम सुरू असताना कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ठेवलेला मेमरीचा नकाशा वाचावा लागतो, आणि तोही फक्त त्या क्षणापुरता खरा असतो.

जून २०२४ मध्ये आलेल्या २५६ व्या आवृत्तीपासून सिस्टमडीची लायब्ररी एक्सझेडला गरज पडल्यावरच उचलते. त्यामुळे धोका घटला, पण तक्त्यातून नावही गेलं. म्हणून त्याच आवृत्तीत एल्फ फाइलमध्ये एक वेगळी टीप आली: 'पुढेमागे मी या लायब्ररी उघडू शकते.' ती टीप वाचायला मी सध्या माझ्या प्रोग्रामला शिकवते आहे.