ख्रिस्ती समुपदेशनातील शास्त्रवचन

ख्रिस्ती समुपदेशन : शोक, घरातला कलह, व्यसन, भीती किंवा अपराधीपणा यांनी ग्रासलेल्या माणसाला ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने दिलेला सल्ला आणि सोबत. यात बायबलचे, म्हणजे मराठी मंडळ्यांच्या रोजच्या बोलण्यातल्या ‘वचना’चे, स्थान काय असावे यावर जुना वाद आहे. ‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे आणि वादही तोच आहे : आधी सांगायचे की आधी ऐकायचे?

अमेरिकन धर्मोपदेशक जे अ‍ॅडम्स यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून ‘सांगण्या’ची बाजू ठामपणे मांडली. शरीराच्या आजारासाठी डॉक्टर आहेत. पण मनोविकार म्हणून गणल्या जाणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ पापात असते, त्यांवर शास्त्रवचन पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘बोध करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आले. ते क्रियापद बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत, रोमकरांस १५:१४ आणि कलस्सैकरांस १:२८ येथे आढळते. दुसऱ्या टोकाला अँटन बॉयसेन. स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेल्या या पाळकाने १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात नेऊन, माणूस हाही वाचायचा एक जिवंत दस्तऐवज आहे, हे शिकवले. मानसशास्त्र आणि वचन यांची सांगड घालणारे लोक या दोघांच्या मधे येतात, आणि आज बहुतेक जण तिथेच आहेत.

मुंबईत मराठी वचनाचा इतिहास मोठा आहे. अमेरिकन मिशनरी इथे १८१३ मध्ये आले. मराठी नवा करार इथे १८२६ मध्ये छापला गेला. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये इथलाच. शहरातल्या अनेक मराठी प्रॉटेस्टंट घरांचे मूळ गाव अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. अशा घरात आजीला स्तोत्रे तोंडपाठ असतात, तर नातवंडे फोनवर इंग्रजी बायबल वाचतात. त्यामुळे समुपदेशकाला पहिला प्रश्न भाषेचा पडतो : हा माणूस रडताना कोणत्या भाषेत प्रार्थना करतो? कॅथलिक वाचकांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ही वाट सोपी केली.

प्रत्यक्षात समुपदेशन म्हणून वेगळी खोली क्वचितच असते. पाळकसाहेब घरी येतात, चहा होतो, स्तोत्र २३ किंवा १२१ वाचले जाते, प्रार्थना होते. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, शेजारीण सगळे ऐकत असतात. सून मान खाली घालून ‘आमेन’ म्हणते. खरी गोष्ट निघते ती पाळकसाहेब निघाल्यावर, जिन्यात, त्यांच्या चपला पायात सरकेपर्यंतच्या दोन मिनिटांत. अनुभवी पाळक ती दोन मिनिटे लांबवतात, आणि बायबल पिशवीतच ठेवतात.

वचन घाईने काढले की इजा होते. मार खाणाऱ्या बाईला इफिसकरांस ५:२२ ऐकवले जाते, ‘पतीच्या अधीन राहा’. त्याच्या आधीची एकवीसावी ओवी, परस्परांच्या अधीन राहण्याची, गाळली जाते. मलाखी २:१६ मधला सोडचिठ्ठीचा तिटकारा सगळ्यांना पाठ. त्याच ओवीत जुलूम करणाऱ्यालाही तेवढेच कठोर शब्द आहेत, ते कोणी वाचत नाही. ‘कशाचीही चिंता करू नका’ हे फिलिप्पैकरांस ४:६ झोप उडालेल्या माणसाच्या अंगावर फेकण्याआधी त्याच पत्राचा दुसरा अध्याय पाहावा : आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी होता, तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते, असे पौल तिथे उघडपणे लिहितो.

दुःखासाठी वचनातला सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग म्हणजे विलापाची स्तोत्रे. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, शेवटी स्तुतीचा सूर येत नाही. मूल गमावलेल्या आईवडिलांसमोर ते वाचायला पाळक कचरतात. पण हे शब्द बायबलमध्येच आहेत हे कळल्यावर, इतके दिवस देवावर रागावल्याची लाज वाटणारा माणूस बोलू लागतो. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस, सात रात्री गप्प बसले होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

मर्यादा आता अधिक स्पष्ट आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली तर केवळ प्रार्थनेवर भागवायचे नाही. तरीही डॉक्टरचे नाव काढताच घरातून विचारणा होतेच : ‘म्हणजे आमचा विश्वास कमी पडला का?’ तेव्हा काही पाळक १ राजे १९ उघडतात. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले. देवाचे बोलणे नंतर. काही जण कलस्सैकरांस पत्राकडे वळतात. अ‍ॅडम्सने आधारासाठी घेतलेला ‘बोध’ ज्या पत्रात आहे, त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘प्रिय वैद्य लूक’ याचा सलाम आहे.