जुन्या घोडदळी कोटाची बटणं घासण्याआधी

पणजोबांचा रिसाल्यातला कोट दुरुस्तीला आणणारे बहुतेक जण तो घरूनच चकाचक करून आणतात. त्यामागची माया आम्हाला कळते. पण आमचं निम्मं काम तिथेच वाढतं, म्हणून हे पत्रक.

पितळ चमकवण्याच्या द्रावणात बारीक घासकण असतात. अधिकाऱ्यांच्या कोटाची बटणं बहुधा सोन्याचा मुलामा दिलेली असतात. चार वेळा घासली की मुलामा गेला, तो परत येत नाही. जरीची फीत त्याहून नाजूक. चांगल्या फितीत दोऱ्याभोवती मुलामा दिलेली चांदीची तार गुंडाळलेली असते. ती घासली की दोरा उघडा पडतो. शिवाय बटणाभोवती बनातीत, म्हणजे कोटाच्या जाड लोकरी कापडात, वाळून बसलेली द्रावणाची पांढरी पूड भिंगाखाली सुईने टिपायला एका कोटामागे तीन-चार दिवस जातात. त्याची मजुरी आम्ही वेगळी लावतो, ती यासाठी.

"फौजेत तर रोज घासायचे!" हे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. खरं आहे. पण ती साधी पितळी बटणं, आणि कापडाला डाग पडू नये म्हणून बटणामागे खाचेची पट्टी सरकवूनच घासायची.

सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. "कोट कुठल्या सालचा?" हे प्रत्येकाला हवं असतं, आणि त्याचं उत्तर बटणांवर नि खांद्यावरच्या पितळी अक्षरांतच असतं. १९०३ साली इंग्रजांच्या जुन्या मुंबई लष्करातल्या रिसाल्यांच्या क्रमांकात ३० मिळवले गेले, म्हणून चौथा रिसाला, पूना हॉर्स, ३४ वा झाला. पहिल्या महायुद्धानंतर सगळ्या हिंदी फौजेतल्या ३९ रिसाल्यांचे २१ केले, तेव्हा ३३ वा आणि ३४ वा एकत्र आले आणि पुढे पूना हॉर्सचा क्रमांक १७ झाला. म्हणजे खांद्यावर ३४ दिसला की जेमतेम वीस वर्षांचा काळ हाती लागतो. बटणावरचा मुकुटही बोलतो: कमानी मध्यभागी खोलगट असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, वर गोल फुगलेल्या असतील तर १९०१ नंतरचा. घासघासून या कमानी सपाट झाल्या की आम्हालाही काही सांगता येत नाही.

रंग जुन्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही म्हणून मात्र कोट खोटा समजू नका. बहुतेक रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा, कपडे, सरंजाम स्वाराच्या पैशातून उभा राही, आणि कापडाची खरेदी प्रत्येक रिसाला आपापली करी. छटेत फरक पडणारच.

कोट आहे तसा, धुळीसकट, स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून आणा. हँगरला लटकवू नका, जरीच्या वजनाने खांदे फाटतात. बटणांचे जवळून फोटो आधी पाठवलेत तर काळाचा अंदाज आम्ही विनामूल्य सांगतो. समारंभाला झळाळता गणवेशच हवा असेल, तर त्याच मापाची प्रतिकृती नव्या बटणांसह शिवून देतो. ती खुशाल घासा.