ब्रेक लाइटचा स्विच जातो तो ऑइलमुळे नव्हे

मॉरिस मायनर, एमजीए, जुनी बीटल अशा गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. तो वारंवार जातो आणि खापर फुटतं सिलिकॉन ऑइलवर, म्हणजे डॉट 5 प्रतीच्या ब्रेक ऑइलवर. पण डॉट 3 आणि डॉट 4 ही नेहमीची, बिनसिलिकॉनची ऑइलं वापरणाऱ्यांचेही स्विच तितक्याच मुकाट्याने जातात!

खरं कारण विजेचं आहे. 21 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर. 6 व्होल्टच्या बीटलमध्ये तेवढ्याच वॅटला सात. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर याच्या कैक पट करंट ओढतं. हा सगळा भार स्विचमधल्या इवल्याशा कॉन्टॅक्टवर येतो. दर ब्रेकला ठिणगी उडते, कॉन्टॅक्टवर खड्डे पडतात, काजळी धरते. मग पेडल जोरात दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. हीच पहिली खूण, ती दुर्लक्षू नका. मागच्या गाडीला तुमचा ब्रेक दिसत नसतो.

खात्रीसाठी इग्निशन चालू ठेवून स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. दिवे लागले तर स्विचच गेलाय. नवा बसवताना सोबत डायोडवाला रिले लावा (रिले म्हणजे किरकोळ करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच; त्याच्या कॉइलमुळे उडणारी ठिणगी डायोड आवरतो), म्हणजे ब्रेकच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट जाईल. ऑइल बदलून यातलं काहीच सुटत नाही.