12 अधिक 3 बरोबर 123

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामेभावाचं अडत दुकान आहे, हळदीचं. मागच्या सीझनला त्यानं एआयकडून शेतकऱ्याची पट्टी काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला, दहा मिनिटात तयार. पहिल्याच दिवशी एकाचा माल दोन खेपेत काट्यावर गेला, 12 क्विंटल आणि 3 क्विंटल, पट्टीवर एकूण वजन 123 क्विंटल! शेतकरी खूश, भाऊ गार.

झालेलं असं की कोड होता जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आणि ब्राउझरच्या चौकटीत टाईप केलेलं सगळं आधी मजकूर असतं, मग अधिकचं चिन्ह दिसलं की जावास्क्रिप्ट दोन मजकूर शेजारी शेजारी चिकटवून मोकळं. वजाबाकीला मात्र तेच गपगुमान आकडे समजतं, त्यामुळे बारदानाचं वजन बरोबर वजा होत होतं आणि कुणाला शंकाच आली नाही.

टाईपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टवरच बेतलेली भाषा, मायक्रोसॉफ्टनं 2012 ला आणलेली) 'एकूण वजन हा नंबर' असा टाईप, म्हणजे आकडा की मजकूर हा प्रकार, लिहून ठेवला असता तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच एरर आली असती. पायथन ही भाषा पण मजकुरात नंबर मिसळू देत नाही, पण ते कळतं ती ओळ चालल्यावर, म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं असताना.

चूक आधी कळते की चालल्यावर, हा फरक एआयसोबत जास्त जाणवतो, कारण ते पुढं काय यायला पाहिजे याचा अंदाज बांधत लिहितं आणि कधीकधी नसलेलं फंक्शनसुद्धा बिनधास्त वापरतं. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालायच्या आधी कोड तपासणारा, ओळ नंबरासकट चूक दाखवतो, ती एररच एआयला परत जाते, ते दुरुस्त करतं, परत तपासतं, तोवर आपला चहा होतो. आणि टाईप लिहायचा कंटाळा आपल्याला यायचा, त्याला कुठला यायला?

लक्ष ठेवा पण, अडकलं की एआय टाईपच्या जागी हळूच 'एनी' लिहितं, म्हणजे काहीही चालेल, मग तपासणीच संपली.

किलो आणि क्विंटल दोन्ही नंबरच, तिथं साधा टाईप पण फसतो. 1999 ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच जातीच्या चुकीनं गेलं, एक सॉफ्टवेअर पौंडाच्या हिशोबात आकडे देत होतं, दुसरं ते न्यूटनचे धरून चाललेलं. रस्ट नावाच्या भाषेत किलो आणि क्विंटलचे वेगळे टाईप केले की त्यांची थेट बेरीज कंपायलर होऊच देत नाही.

भावाचा प्रोग्रॅम आता रस्टमध्ये आहे, बेरीज चोख येते. तोलाईचा दर तेवढा एआयनं मनानंच घातलेला, तो नंबरच होता, त्यामुळे कंपायलरनं काही अडवला नाही, दिवाणजींनी अडवला.