गच्चीवरून तपासता येणारा धडा

मुलांना तर्क शिकवायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवण होते शिष्यवृत्ती परीक्षेची. आधी ती चौथी-सातवीला होती, मग काही वर्षं पाचवी-आठवीला गेली, पण दुसऱ्या पेपरातली 'बुद्धिमत्ता चाचणी' हलली नाही. संख्यामालिका, गटात न बसणारं पद, आरशातली प्रतिमा, 'रामचे तोंड उत्तरेला आहे'. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांत जून महिन्यात या पेपराच्या मार्गदर्शकांचे गठ्ठे लागतात. मराठीचा उतारा मात्र पहिल्या पेपरात. म्हणजे वाचन एका दिवशीच्या एका पेपरात आणि तर्क दुसऱ्या. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की वाचता वाचताच विचार करायचा असतो, हे मुलाला वेगळं सांगावं लागतं. ते सांगायला मला प्रकाश प्रदूषणाचा, म्हणजे दिव्यांच्या उजेडात रात्रीचा अंधार हरवण्याचा विषय सोयीचा वाटतो.

उताऱ्याखालचे प्रश्नही बहुतेक असे, की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलून लिहायचं. २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला, भाषेच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली आणि तिच्यात 'स्वमत' आलं. कल्पना चांगली होती: उतारा वाचून मुलानं आपलं मत कारणांसह मांडायचं. मग गाइडांत स्वमताची तयार उत्तरं आली आणि मुलं स्वतःचं मत पाठ करू लागली. यात मुलांची चूक नाही. लेखकाचं म्हणणं काय, त्याला आधार काय आणि तो आधार पुरतो का, हे वेगळं करून कसं पाहायचं, ते त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

खरं तर ही रीत आपल्याला नवी नाही. न्यायशास्त्रात अनुमान पाच पायऱ्यांनी मांडतात. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. हेतू दिसायला बरोबर पण आतून पोकळ असेल तर त्याला हेत्वाभास म्हणायचं, आणि त्याचेही प्रकार. एवढी तयारी पाठशाळांत राहिली. पंतोजींच्या शाळेत पाढे, मोडी आणि हिशेब एवढंच आलं. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले, पण वर्गातलं वाचन पुढेही तोंडपाठच राहिलं.

पाश्चात्त्य शिक्षणात या गोष्टीला वेगळं वळण मिळालं ते १९५८ मध्ये. स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञानं म्हटलं, की माणसं तर्कशास्त्राच्या पुस्तकासारखा वाद घालत नाहीत, कोर्टात घालतात तसा घालतात. दावा, त्याचा पुरावा आणि पुराव्यावरून दाव्यापर्यंत जाण्याची परवानगी देणारा दुवा. हा दुवा बहुतेक वेळा लेखक लिहीतच नाही, तो वाचकानं ओळखायचा असतो. अमेरिकेतल्या शाळांनी ही मांडणी उचलली. पुढे पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीनं वाचनाची व्याख्याच मजकूर पारखण्याकडे नेली. भारतातून २००९ च्या फेरीसाठी तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि यादीच्या तळाशी राहिले. त्यावर आपल्याकडे बरीच ओरड झाली. पण २०१८ च्या चाचणीत श्रीमंत देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकीही दहातल्या एकाहून कमी मुलांना, मजकुरातल्या आडवळणी खुणांवरून तथ्य कुठलं आणि मत कुठलं हे सांगता आलं. दुखणं फक्त आपलं नाही, एवढाच यातला दिलासा.

प्रकाश प्रदूषणाचा विषय या गोष्टीत आला तो असाच. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेनं २०१६ मध्ये निबंधाचा प्रश्न बदलला. तुमचं मत सांगू नका, दिलेल्या लेखकानं आपलं म्हणणं कसं उभं केलं ते उलगडून दाखवा, असं विद्यार्थ्यांना सांगितलं. नमुन्यादाखल दिलेल्या उताऱ्यांत एक उतारा रात्रीचा अंधार जपण्याबद्दलचा होता. सॅटचा हा निबंध २०२१ मध्ये बंद झाला, पण तो उतारा शिक्षकांच्या हाती राहिला. मला त्याची निवड योगायोगाची वाटत नाही. बहुतेक विषयांत मुलाला आकडे विश्वासानं घ्यावे लागतात. ओझोनचा थर किंवा हिमनद्या सोलापुरातून दिसत नाहीत. आकाश दिसतं. म्हणजे दिसत होतं.

ज्यांचं बालपण भारनियमनात गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर गाद्या टाकलेल्या, लाइट गेली की खालच्या बोळातून एक 'ओऽऽ' उठायचा आणि वर आकाश एकदम भरून यायचं. आजी सप्तर्षीला बाजलं म्हणायची आणि मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांना तिकांडं. आता लाइट जात नाही, याबद्दल तक्रार करण्याइतका मी वेडा नाही. पण तिकांडं दाखवायचं तर मुलांना घेऊन शहराबाहेर नान्नजच्या बाजूला जावं लागतं, असं माझ्या ओळखीचे दोन-तीन पालक सांगतात. मी त्यांना आधी गच्चीवर जाऊन मोजा म्हणतो. तिकांडं शहरातूनही दिसतं, त्याच्या आजूबाजूचं सगळं गेलेलं असतं.

दिव्यांचा इतिहास इथे थोडक्यात सांगायला हवा. एडिसनचा दिवा १८७९ चा, बंगळूरच्या रस्त्यावर वीज आली १९०५ मध्ये. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावानं १९५८ मध्येच, म्हणजे टूलमिनचं पुस्तक आलं त्याच वर्षी, आकाशात झोत सोडणाऱ्या दिव्यांवर बंधन घातलं, कारण गावाला वेधशाळा होती. अंधार जपणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ ची. मग निळा एलईडी आला, त्याला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ५ जानेवारी २०१५ ला भारत सरकारनं रस्त्यांवरचे दिवे एलईडी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर आलं. सोडियमचा पिवळा उजेड गेला, पांढरा आला. विजेची बचत झाली, हे खरं. पण पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो आणि हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो. दिवसाचं आकाश निळं दिसतं त्याच कारणानं रात्रीचं आकाश फिकट होतं.

आता या विषयावरच्या मजकुरातल्या नेमक्या कुठल्या ओळींवर मुलांना थांबवावं, ते सांगतो. उपग्रहांच्या मोजणीनुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवर आधीपासून दिवे असलेल्या भागांतला रात्रीचा कृत्रिम उजेड वर्षाला सुमारे २.२ टक्क्यांनी वाढला. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेली पन्नास हजारांहून अधिक निरीक्षणं होती. त्यात आकाशाचा उजेड वर्षाला ९.६ टक्क्यांनी वाढताना दिसला. त्या वेगानं, जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील. दोन आकडे, दोन्ही नीट मोजलेले, फरक चौपटीहून जास्त. कोण खोटं? कुणीच नाही. त्या उपग्रहाच्या संवेदकाला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही आणि तो वरून बघतो. क्षितिजाच्या बाजूला पसरणारा उजेड माणसाच्या वाट्याला येतो. आणि मुलं इथवर आली की पुढचा प्रश्न त्यांनाच सुचू द्यावा: ही निरीक्षणं कुठली? मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतली. मग सोलापूरला ९.६ लागू होतो का? इथे उपनय तपासावा लागतो. धूर होता, पण तो या डोंगरावरचा होता का?

अपायांच्या यादीतही असे खड्डे आहेत. रात्रीच्या उजेडानं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक कमी होतं, झोपेचं घड्याळ बिघडतं, याला भक्कम आधार आहे. समुद्रकाठी अंड्यातून निघालेली कासवं दिव्यांकडे वळतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी दरवर्षी आकाशात सोडल्या जाणाऱ्या झोतांनी सात वर्षांतल्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी भरकटवले, असा अंदाज आहे. आणि मग हमखास एक वाक्य येतं: 'रात्रीच्या उजेडानं कर्करोग होतो, जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.' तिच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये म्हटलं होतं ते वेगळं. जैविक घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीच्या कामामुळे कर्करोग होण्याची शक्यता आहे, असं ते होतं. रस्त्यावरच्या खांबाबद्दल त्यात काही नव्हतं. जुन्या गिरणीची तिसरी पाळी केलेल्या आजोबांच्या नातवंडाला हा फरक लगेच कळतो. पाळी म्हणजे काय ते त्यानं घरात ऐकलेलं असतं.

माझा आग्रह एका बारीक गोष्टीचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पुष्कळ मुलांच्या घरी तेलुगू असते, काहींच्या कन्नड, शाळा मराठी. ती अडतात ती कठीण नामांवर नाही. 'प्रदूषण' त्यांना येतं. अडतात ती 'तरीही', 'अन्यथा', 'त्यामुळे', 'जर-तर' यांवर. गंमत अशी, की हेच शब्द व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यय म्हणून भेटतात. कारणबोधक, परिणामबोधक, न्यूनत्वबोधक, संकेतबोधक असे प्रकार मुलं तालात म्हणून दाखवतात. हा सगळा तर्काचा सांगाडा आहे, आणि आपण तो वर्गीकरणाच्या दोन गुणांसाठी वापरतो. उताऱ्यातले एवढे शब्द पेन्सिलीनं गोल करायला सांगितले तरी अर्धं काम होतं.

उरलेलं अर्धं गच्चीवर. जानेवारी ते मार्च सोलापूरची हवा कोरडी असते, आकाश मोकळं आणि संध्याकाळी मृग डोक्यावर. 'ग्लोब ॲट नाइट' हा २००६ पासून चाललेला उपक्रम याच नक्षत्राच्या नकाशांशी आपलं आकाश ताडून बघायला सांगतो. नकाशात किती तारे, तुम्हाला किती? दुर्बीण लागत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री मोजलं आणि पुन्हा अमावस्येला मोजलं, तर आकडा का बदलला याची तीन-चार कारणं मुलं स्वतः काढतात. धूर हे कारण बहुतेक वेळा पहिलं येतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो सुरक्षिततेवर, आणि तो व्हायला हवा. इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या चौदा वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा, दिवे मंद किंवा बंद केल्यानं अपघात वा गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र सरकारी वसाहतींत जादा दिवे लावून केलेल्या प्रयोगात रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. मी हे दोन्ही एका कागदावर लिहून मुलांपुढे ठेवतो. मुली सहसा दुसऱ्या बाजूनं बोलतात, आणि त्यांना त्यासाठी अभ्यासाची गरज नसते. मागच्या खेपेला वर्ग असाच दोन तटांत बसला होता. दिवे हवेत, दिवे नकोत. मागच्या बाकावरची सहावीतली एक मुलगी कुठल्याच तटात जाईना. विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्या बोळातला दिवा समोरच्यांच्या पत्र्यावर पडतो, बोळात अंधारच. मग तो कुणाच्या बाजूनं धरायचा?"